अंतरपाटाची पाठ

सुभद्रेने जरीची दुपदरी तार बोंडाच्या टोकाशी वळवली, डाव्या हातातली सुई खालून वर काढली, तारेवरून पलीकडे नेऊन पुन्हा खाली घातली आणि धागा ओढला. तार जागेवर बसली. असे आणखी पाच-सहाशे टाके पडले की तिला नवरा मिळणार होता.

नवरा म्हणजे वलगावातलाच नत्थुजी. वय चाळिशीच्या अलीकडे, पहिली बायको पटकीत गेलेली, दोन लेकरं, विहिरीला बारमाही पाणी, घरात सासू नाही. ही शेवटची बाब सुभद्रेने मनातल्या मनात दोनदा मोजली होती. बोलताना तो उगाच डोळे मिचकावत असे, एवढी एक तूट. पण सुभद्रेला तरी कुठे नखरे परवडणार होते? दहाव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं, आणि पुढची बारा वर्षं वलगावात काकांच्या घरी चूल, उखळ आणि काकीची बोलणी. कुणब्यांत विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, त्यात नवल नव्हतं. मात्र पाट लावून द्यायला घरातलं कोणीतरी उठावं लागतं, आणि बारा वर्षांत कोणी उठलं नव्हतं.

आता काकी उठली होती. मैनाबाईची अट सरळ होती. अंतरपाट पुरा कर, माझ्या लेकीच्या, कौशल्येच्या, लग्नात अक्षता पडू दे, पुढच्या महिन्यात तुझा पाट. काका खुशालरावांनीही ओसरीवर बसून, नत्थुजीच्या समोर, तसा शब्द दिला होता.

विलायतेच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला त्याचं हे तिसरं वर्ष. वऱ्हाडात ज्याच्याकडे काळी जमीन होती त्याच्याकडे आता चांदीही आली होती, आणि ती कुठे मिरवावी हे न सुचून कोणी बैलांच्या शिंगांना शेंब्या चढवल्या होत्या, कोणी हुक्क्याला. खुशालरावांच्या मैनाबाईने सगळ्यांच्या पुढे जायचं ठरवलं. नवरा-नवरीच्या मध्ये धरायचा अंतरपाट सोन्याच्या जरीचा करायचा, आणि त्यावर कुयऱ्या नाहीत, मोर नाहीत. कापसाची फुटलेली बोंडं.

अमरावतीच्या आयशाबीकडे जरीचं काम होई. तिने भारी मजुरी सांगितली. मैनाबाईने तिच्याशी घासाघीस करून काम दिलं नाही, पुतणीच दिली. एक पावसाळा सुभद्रा आयशाबीच्या घरी चौकटीपुढे बसून शिकली. सोनं कापडातून जात नाही, ते कापडावर नुसतं पडून राहतं; मेण लावलेला बारीक रेशमी धागा त्याला जागोजाग बांधतो, आणि तो धागा दिसता कामा नये. आयशाबीने तिच्या डाव्या हाताकडे पाहून पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं.

“तौबा! उल्टे हाथ से? बरं, चालन बेटी. सोने को क्या मालूम, किस हाथ ने बांधा.”

हे सगळं गुपचूप होतं. शुभकार्याच्या वस्तूला विधवेचा हात लागलेला चालत नाही, त्यात अंतरपाटाला तर नाहीच. म्हणून काम कौशल्येचं होतं. रोज सकाळी न्हाऊन कौशल्येने चौकटीला कुंकवाचं बोट लावायचं आणि निघून जायचं. मागाहून सुभद्रा येऊन संध्याकाळपर्यंत ‘मदत’ करायची. मैनाबाईने चौकटही अशी लावून घेतली होती की देव्हाऱ्यातल्या देवांना सुभद्रेची फक्त पाठ दिसावी.

“किती राह्यलं वं?” मैनाबाई दारातून म्हणाली.

“दोन बोंडं अन् एक पान.”

“पान राहू दे वाटलं तर. बोंडं पाह्यजेत. पानाले कोण भाव देते आता?”

कौशल्या आईच्या मागून डोकावली. चौदा वर्षांची, नाकात नवी नथ, सारखी तिला हात लावून पाहणारी. चुलत बहिणीला ती बाई म्हणे.

“बाई, एका कोपऱ्यात माह्यं नाव काढ ना वं.”

“नाव कायले?” सुभद्रा तारेवरून नजर न काढता म्हणाली. “सारंच तुह्या नावावर हाय.”

मैनाबाई खळखळून हसली. सुभद्राही हसली. घरात त्या दिवसांत सगळ्यांचीच मनं मोकळी होती.

*

तेल्हाऱ्याहून नवऱ्या मुलाची आई पार्बताबाई आल्या त्या दमणीतून, सोबत फक्त एक म्हातारा गाडीवान. पुरुषांची बोलणी झाली होती. सुपारी तेवढी फुटायची होती. पण घरात एकुलता मुलगा आणि त्याच्यामागे लग्नाच्या दोन मुली असलेली बाई सुपारी फोडण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. पार्बताबाईंनी गोठा पाहिला, कापसाची गंजी पाहिली, कौशल्येची चाल पाहिली आणि मग पाटावर बसून अंतरपाट मांडीवर घेतला.

“बोंडं काढले काय! लोकं कुयऱ्या काढते.”

“कुयऱ्या कोणीबी काढन,” मैनाबाई म्हणाली.

“खरं हाय माय. ज्यानं देल्लं त्याले इसरू नाई.” पार्बताबाईंनी बोंडावरून अंगठा फिरवला. तार हलली नाही. धागा दिसला नाही. “अन् इहीनबाई, हे सोनं नवरीकडं राहीन का नवरदेवाकडं?”

चार महिन्यांत हा प्रश्न घरात कोणाला पडला नव्हता. साध्या पांढऱ्या पंच्याला दोन्हीकडे कुंकवाचं स्वस्तिक काढलं की काम भागतं. जरीला एकच तोंड असतं.

“नवरदेवाकडं,” मैनाबाई म्हणाली. “मान तुमचा.”

“मंग तुमच्या पोरीले काय दिसन ते पाहू.”

पार्बताबाईंनी अंतरपाट उलटा केला. सोन्याची बाजू त्यांनी जेवढा वेळ पाहिली होती त्याच्या तिप्पट वेळ त्या ही बाजू पाहत राहिल्या. तिथे सोनं नव्हतं. पिवळ्या धाग्याचे बारीक बारीक तिरपे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे चालले होते.

“एकटीनं केलं?”

“एकटीनं. मी म्हणो, पोरी, डोळे जातीन तुये. आयकते कुठी?”

“गुणाची हाय.” पार्बताबाईंनी घडी घातली. “जेवणं झाले का आन माय ते चौकट अठी. दोन टाके टाकून दाखव. मले पाहू दे हे सोनं बसवते तरी कसं.”

कौशल्येने आईकडे पाहिलं. मैनाबाई उठली ती पानं घ्यायला म्हणून.

सुभद्रा चुलीपाशी होती. पाहुणे असेपर्यंत तिने तिथून हलायचं नव्हतं. मैनाबाई आत आली, कौशल्येला पाठोपाठ ओढून घेतलं आणि दार लोटलं.

“सुई धरता येते तुले?”

“नाई,” कौशल्या म्हणाली.

“चार महिन्यांत एक टाका शिकू नाई?”

“तूच त म्हणे, हात लावून निंघून ये.”

मैनाबाईने क्षणभर डोळे मिटले. ती मोजत होती. कातडी महिन्याभरात येते. तेल्हाऱ्याची सोयरीक महिन्याभरात येत नाही. चुलीच्या कडेला पुरणपोळीसाठी तूप कढत होतं. तिने पदराने भांडं उचललं, दुसऱ्या हाताने कौशल्येचं उजवं मनगट धरलं.

“काकी,” सुभद्रा म्हणाली.

“तू गप राय. पोरी, दात आवळ.”

कौशल्येला वाटलं आई तिला काहीतरी धरायला देते आहे. तिने तळहात पुढे केला.

किंकाळी गोठ्यातल्या गाडीवानापर्यंत गेली. मैनाबाईने भांडं खाली टाकलं, सांडलेलं तूप चांगलं दिसेल असं पायाने पसरवलं आणि मग मोठ्याने ओरडली, “अवो, पोरगी पोळली वं माही!”

पार्बताबाई दार ढकलून आत आल्या. त्यांनी आधी जमिनीवरचं तूप पाहिलं, मग हात. कोरफड मागवली, स्वतः चिरली, कौशल्येला मांडीशी घेऊन तळहातावर गर लावला. बोटांवरून सालपट निघत होतं. त्यांचा हात हलका होता. कौशल्या त्यांनाच बिलगून रडत राहिली.

“उजवा,” पार्बताबाई म्हणाल्या.

“व्हय ना,” मैनाबाईने डोळ्यांना पदर लावला. “आता महिनाभर तरी सुई धरणं कुठचं? तुमाले पाहाचं होतं…”

“त्याचं काय एवढं? डावा बरा हाय.”

मैनाबाईचा पदर डोळ्यांवरच राहिला.

“माह्या सासूनं मले पंचवीस वाकळी शिववल्या, इहीनबाई. एका वाकळीवर चार बाया बसल्या का मांगून पाहून मी सांगो, कोण कुठी बसली होती. डावखुरीचा टाका उलटा झुकते. तुमच्या अंतरपाटाचा एकूणएक टाका उलटा हाय.” त्यांनी कौशल्येच्या हाताला फुंकर घातली. “भलता हात पोळला तुमी.”

चुलीवर कढी उतू जायला आली होती. सुभद्रा पळीने ती हलवत होती, आणि आपण कोणत्या हाताने हलवत आहोत हे तिच्या ध्यानात आलं. तिने पळी या हातातून त्या हातात घेतली.

तसं केलं नसतं तर कदाचित पार्बताबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नसतं.

*

खुशालरावांना आत बोलावलं गेलं. ते दारातच उभे राहिले, पागोटं हातात घेऊन. सोयरीक मोडली असं ते धरूनच चालले होते.

“बसा, पाटील,” पार्बताबाई म्हणाल्या. “सोयरीक मोडाले मी काई येडी नाई. तुमची जमीन चांगली हाय, पोरगी गरीब हाय. लग्नं काय, सारेच थोडं खोटं बोलून करते. मले फक्त हे बाई पाह्यजे.”

“ते रंडकी हाय,” मैनाबाई घाईने म्हणाली. “शुभकार्यात…”

“शुभकार्यात नोका आणू. लग्न झालं का पोरीमांगं पाठवा. माह्या दोघी पोरी हायेत, त्याइचे अंतरपाट हायेत, चोळ्या हायेत. तेल्हाऱ्यात कोणाच्या घरी हाय असं काम? अन् सून करते म्हटलं का सुनेचंबी नाव.”

“तिचा पाट ठरवला,” खुशालराव म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मालात एक डाग आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं, तेवढंच.

“ठरवला. लागला त नाई ना?”

सुभद्रेने पळी खाली ठेवली. परक्या बाईसमोर, काकांसमोर, तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बोलली.

“काकाजी, तुमी शब्द देल्ला होता.”

“देल्ला होता,” खुशालराव म्हणाले. “कोण नाई म्हणते?”

ते खरंच नाही म्हणत नव्हते. शब्द दिला होता हे त्यांना मान्य होतं, तो मोडतो आहोत हेही मान्य होतं. त्यांना पेच पडला होता तो वेगळाच. त्यांनी पागोटं या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवलं.

“लोकं इचारतीन. किंकाळी साऱ्या गल्लीनं आयकली. पोरगी कशी पोळली म्हणतीन. अन् मंग नत्थुजी इचारन, पाट कावून मोडला.”

मैनाबाईने डोळ्यांवरचा पदर काढला. डोळे कोरडे होते.

“दोन्ही गोष्टीले एकच उत्तर द्या ना,” ती म्हणाली.

खुशालराव समजले नाहीत. पार्बताबाई समजल्या, त्यांनी विहिणीकडे प्रथमच बरोबरीच्या नजरेने पाहिलं. कौशल्या त्यांच्या मांडीवर हुंदके देत होती. तिला समजलं की नाही, हे तेव्हा कोणी पाहिलं नाही.

पानं वाढली गेली. तूप सांडलं होतं, म्हणून पुरणपोळी त्या दिवशी दुधाशी खाल्ली.

*

नत्थुजी पाचव्या दिवशी दुपारी आला. सुभद्रा मागच्या अंगणात कापूस निवडत बसली होती; डागी कवडी एका बाजूला, पांढरा एका बाजूला. तो कुडाच्या अलीकडे आला नाही.

“लोकं म्हणते, तू तिले पोळलं. लगन होऊन राह्यलं, जळफळाट झाला म्हणे तुह्या जिवाचा.”

“अन् तुमाले काय वाटते?”

“मले काय वाटाचं? लोकायचं आयकून मी काई बोलत नाई. म्हणून सरळ पोरीलेच इचारलं. म्हटलं, कौशल्या, तुले कोनं पोळलं?”

सुभद्रेच्या हातातलं बोंड तसंच राहिलं. या घरात निदान एक माणूस असं होतं ज्याचा हात जळला होता, आणि जळलेलं माणूस खोटं बोलणार नाही, असा तिचा अंदाज होता.

“मंग?”

“तिनं मायकडं पाह्यलं. मंग म्हणे, बाईनं.”

गोठ्यात बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली आणि थांबली.

“माह्ये लेकरं लहान हायेत,” नत्थुजी म्हणाला. “दिवसभर चुलीपाशीच खेळते. मले तुह्यावर राग नाई, हे ध्यानात ठेवजो.”

“बरं,” सुभद्रा म्हणाली.

तिने आणखी काही म्हणावं, शपथ घालावी, रडावं, असं त्याला वाटत असावं. मग निर्णय करायला सोपं गेलं असतं. तिने बोंड उकलून कवडी बाजूला टाकली. तो गेला.

*

लग्न थाटात झालं. अंतरपाट धरला तेव्हा मांडवातल्या बाया टाचा उंच करून पाहू लागल्या. सोन्याची बाजू नवरदेवाकडे होती. दुपारच्या उन्हात बोंडं अशी चमकली की त्याने डोळ्यांवर हात धरला आणि लोक हसले. कौशल्येच्या बाजूला पिवळ्या मुंग्या होत्या. तिचा उजवा हात हळदीच्या चिंधीत गुंडाळलेला होता, आणि नवरदेवाने तो धरला तेव्हा तिने ओठ चावला. लाजली, असं बायांनी ठरवलं. सुभद्रा कापसाच्या खोलीत बाहेरून कडी घालून होती. मंगलाष्टकं तिथवर चांगली ऐकू येत.

पुढचा जमाखर्च असा. खुशालरावांना हवी ती सोयरीक मिळाली. मैनाबाईचा अंतरपाट अमरावतीपासून अकोल्यापर्यंत बायांच्या तोंडी झाला. पार्बताबाईंना एका लग्नात दोन बाया मिळाल्या, त्यातली एक फुकट. नत्थुजीने महिन्याच्या आत दुसरी विधवा पाहून पाट लावला. ती लेकरांना जपते, असं ऐकलं. उरला खर्च.

तेल्हाऱ्यात चिंधी सोडली तेव्हा कौशल्येचा अंगठा शेजारच्या बोटाला चिकटून बसला होता. तिला भाकरी थापता येईना, दोर ओढता येईना, घास मोडता येईना. पार्बताबाईंनी दोन महिने वाट पाहिली. मग एका सकाळी तिला सुभद्रेच्या चौकटीपुढे आणून बसवलं.

“बाहेर सांगून बसलो का सून जरीचं काम करते. पोरीइले पाहाले लोकं येतीन त काय दाखवू, हा हात? शिकव इले. तुह्या हातानं.”

सासूबाई गेल्यावर कौशल्येने सुई डाव्या हातात धरली.

“बाई,” ती म्हणाली, “मायनं डोळे वटारले होते वं. मी काय करू?”

सुभद्रेने जरीची तार तिच्यापुढे आडवी धरली.

“खालून वर काढ.”

पहिले काही दिवस टाके वेडेवाकडे पडले, तार सुटली, बोटांतून रक्त आलं. आठवड्याभरानंतर एक टाका बरोबर पडला. तार हलली नाही, धागा दिसत नव्हता, आणि मागून तो नेमका तसाच झुकला होता जसा झुकायला हवा. कौशल्येने मान वर केली. चेहऱ्यावर, लग्नानंतर प्रथमच, काहीतरी उजळलं होतं.

सुभद्रेने टाका पाहिला. चौकट उलटी करून मागूनही पाहिला.

“उसव,” ती म्हणाली.

त्या दिवशी सतरा वेळा. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी सुभद्रेला तोंड उघडावं लागलं नाही. टाका चांगला पडला की कौशल्या स्वतःच तो उसवू लागली.